बँक मागत नाही, मग पूरविमा कशाला?

ताई, नमस्कार. आम्ही दोघं नवराबायको पेनसिल्व्हेनियात डॅनव्हिलला डॉक्टर आहोत. तीन वर्षं अपार्टमेंटमध्ये काढल्यावर आता शेजारच्या कोलंबिया काउंटीत, ऑरेंजव्हिलच्या जरा वर, एक घर पसंत पडलंय. दीड एकर जागा, मागे झाडी आणि झाडीपलीकडे फिशिंग क्रीक. वर तीन बेडरूम आहेत, बेसमेंटही छान फिनिश केलेलं आहे. तिथे सासूसासऱ्यांची खोली करावी असं मनात आहे, ते वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. पुराच्या सरकारी नकाशावर घर कमी धोक्याच्या 'झोन एक्स'मध्ये आहे, म्हणून बँक पूरविमा मागत नाही. रिअल इस्टेट एजंट म्हणतो, उगाच पैसे घालवू नका. शेजारचे आजोबा म्हणतात, २०११ मध्ये पाणी अंगणापर्यंतच आलं होतं. नवरा कराडचा. तो म्हणतो, आम्ही कृष्णा-कोयनेची माणसं, या ओढ्याला काय घाबरायचं! मी चौकशी केली तर वर्षाला साडेसातशे डॉलरच्या आसपास हप्ता सांगितला. महिनाभरात क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार आहे आणि घरात रोज हाच वाद. कोणाचं बरोबर?
— झोप उडालेली एक वाचक

नमस्कार डॉक्टर,

तुमचा वाद साडेसातशे डॉलरचा आहे असं तुम्हा दोघांना वाटतंय. पत्र दोनदा वाचल्यावर मला मात्र बेसमेंटमधली ती खोलीच दिसत राहिली. तिच्याकडे येतेच. विम्याचं उत्तर एका शब्दात देता येईल: घ्या. का आणि कसा, याला जरा वेळ लागेल. चहा करून बसा, आणि जमलं तर साहेबांनाही शेजारी बसवा.

एजंटपासून सुरुवात करते. तो खोटं बोलत नाहीये. १९७३ च्या फेडरल कायद्यानं ठरवलं की नकाशात पुराचा मोठा धोका दाखवलेल्या पट्ट्यात घर असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेनं पूरविमा मागितलाच पाहिजे. तुमचं घर त्या पट्ट्याच्या बाहेर पडतं, म्हणून बँकेवर सक्ती नाही. बास, इतकंच. बँकेच्या कुणी माणसानं क्रीकच्या काठावर उभं राहून 'इथे पाणी येणार नाही' असं सांगितलेलं नाही. एका फॉर्मवर एक खूण करायची होती, ती झाली. शिवाय बँकेचा जीव कर्जात अडकलेला असतो, तुमचा घरात. पाणी आलं तरी बँकेचा हप्ता दर महिन्याच्या एक तारखेला कापला जाणारच आहे.

आता तो पट्टा म्हणजे काय ते पाहू. फेमा, म्हणजे इथली आपत्तीचं बघणारी केंद्रीय संस्था, हे नकाशे काढते. 'ए' अक्षरानं सुरू होणारे झोन म्हणजे जिथे कुठल्याही एका वर्षात पूर येण्याची शक्यता एक टक्का किंवा त्याहून जास्त. यालाच लोक 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात आणि तिथेच फसतात. तो एकदा येऊन गेला की शंभर वर्षं रजेवर जात नाही. दर वर्षी पुन्हा नवा एक टक्का. तीस वर्षांच्या मॉर्गेजवर हिशेब केलात तर निदान एकदा पाणी येण्याची शक्यता २६ टक्के निघते. तुम्ही डॉक्टर आहात. २६ टक्के धोक्याच्या पेशंटला तुम्ही 'काही होत नाही, घरी जा' म्हणाल का?

तुमचं घर या पट्ट्यात नाही, हे मान्य. पण 'एक्स'सुद्धा दोन प्रकारचा असतो. नकाशावर एक एक्स करड्या छटेत असतो, तिथे वर्षाला ०.२ ते १ टक्का शक्यता धरलेली असते. दुसरा बिनछटेचा, तो त्याहून सुरक्षित. एजंट दोन्हींना नुसतं 'एक्स' म्हणतो. फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवर पत्ता टाकला की नकाशा फुकट दिसतो. आज रात्रीच बघा. तुमच्या घराला छटा आहे का, आणि 'ए'ची हद्द घरापासून किती फुटांवर संपते, हे दोन्ही पाहा. हद्द झाडीत संपत असेल तर मी तरी त्या रेषेच्या भरवशावर झोपणार नाही.

आणि खेड्यातल्या नकाशांची एक गोम आहे. शहरात नदीचा पाट, पूल, पातळ्या नीट मोजलेल्या असतात, कारण तिथे मालमत्ता दाट असते. ग्रामीण काउंटीत कितीतरी ओढ्यांना नुसता 'ए' झोन रंगवलेला असतो, पाणी किती फुटांपर्यंत चढेल याचा आकडाच नसतो. एखाद्या चौरस मैलाहून कमी पाणलोटाचे छोटे ओहोळ तर बहुतेकदा नकाशात येतच नाहीत. डोंगरावर पाऊस कोसळून उतारावरून तुमच्या मागच्या दारात येणारं पाणीही हा नकाशा मोजत नाही. नदी-नाल्यांचे काठ तेवढे तो बघतो. तुमच्या परिसरात टेकड्या आहेत आणि घर पायथ्याला आहे, एवढं तर मला पत्रावरूनही कळतं. फेमाचीच आकडेवारी सांगते की पूरविम्याचे साधारण ४० टक्के दावे मोठ्या धोक्याच्या पट्ट्याबाहेरून येतात.

आता शेजारचे आजोबा. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. काठावरचं म्हातारं माणूस पाण्याबद्दल सहसा खोटं सांगत नाही. फक्त त्यांच्या वाक्यातला 'च' मला खटकतो. 'अंगणापर्यंतच.'

माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे पाण्याची भाषा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत बोलतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा काकांच्या घरात गुडघाभर आलं. काकांनी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. पुढची चौदा वर्षं ती रेघ आमच्या घरात जणू ब्रह्मवाक्य होती. फ्रिजला स्टँड केलं ते रेघेच्या वर, प्लगपॉइंट रेघेच्या वर, कागदपत्रांची ट्रंक रेघेच्या वर. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनवर सत्तावन्न फुटांच्या वर पाणी गेलं. स्टँडवरचा फ्रिज उचलला जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडलेला सापडला. काकांनी पन्नास वर्षं नदी पाहिली होती, त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना मागचा पूर पाठ होता, एवढंच.

तुमची क्रीक ज्या नदीला मिळते, त्या सुस्क्वेहानाच्या खोऱ्याचीही हीच गोष्ट. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाचा पाऊस झाला आणि त्या पुराच्या खुणांवर एक आख्खी पिढी जगली. ॲग्नेसला आमच्याकडे आलं नव्हतं, म्हणजे येत नाही, असा हिशेब. मग सप्टेंबर २०११ मध्ये 'ली' वादळाचे अवशेष त्या खोऱ्यावर येऊन थांबले. तुमच्या वरच्या अंगाला विल्क्स-बॅरीला नदी ४२.६६ फुटांवर गेली, ॲग्नेसपेक्षा पावणेदोन फूट जास्त. तिथला काठावरचा पूरबांध टिकला म्हणून शहर वाचलं. तुमच्या जवळच्या ब्लूम्सबर्ग गावाला तसं कवच नव्हतं. त्या वर्षी ब्लूम्सबर्गची प्रसिद्ध जत्रासुद्धा रद्द करावी लागली, जत्रेचं मैदानच पाण्याखाली गेलं होतं. गावाच्या खालच्या भागातून गाडी घेऊन एकदा फिरा. दोन घरांच्या मध्ये अचानक रिकामी हिरवळ लागते. तिथली घरं पुरानंतर सरकारी पैशातून विकत घेऊन पाडली.

नवरोबांसाठी हे वेगळं लिहिते. कराडच्या माणसाला संगम शिकवायची माझी पात्रता नाही. फुगवटा म्हणजे काय ते त्यांना माहीत आहेच. मोठी नदी भरली की लहान नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत जातं, जशी हरिपूरला वारणा फुगते. ब्लूम्सबर्गच्या खालच्या भागाला फिशिंग क्रीक आणि सुस्क्वेहाना अशीच दोन्हीकडून धरते. तुम्ही बरेच वर, ऑरेंजव्हिलपलीकडे आहात. नदीचा फुगवटा तिथवर पोचण्याचा प्रश्न नाही. तुमच्याशी व्यवहार फक्त क्रीकचा. आणि इथेच कराडचा अनुभव उपयोगी पडत नाही. कृष्णा सांगून येते. कोयनेतून किती क्युसेक सोडले ते बातम्यांत येतं, पातळी तासातासाला कळते, माणसं गुरं हलवतात. क्रीक डोंगरातून उतरते, वरती तीन-चार तास ढग रिकामे झाले की ती काही तासांत पालटते, आणि तेव्हा तुमच्या अंगणात कदाचित पाऊस थांबलेलाही असेल. शिवाय तिला हंगाम नाही. ॲग्नेस जूनमधलं, ली सप्टेंबरमधलं, आणि १९९६ चा मोठा पूर चक्क जानेवारीतला: साचलेल्या बर्फावर उबदार पाऊस पडला, बर्फ वितळलं, नदीवरचे बर्फाचे तुकडे जागोजागी अडकून पाणी तुंबलं. दसऱ्यानंतर पावसाची काळजी संपते, ही आपली सवय तिकडे सोडून द्यावी लागते.

आता विमा. पहिली गोष्ट, तुमची नेहमीची होमओनर्स पॉलिसी पुराचं काहीही देत नाही. हे मी अनुभवानं सांगते. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा एका जोरदार पावसात आमच्या बेसमेंटमध्ये चार इंच पाणी आलं. विमा कंपनीचा माणूस आला, फार सभ्य होता, बूट काढून आत आला. भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा पाहिला, बाहेर जाऊन जमीन पाहिली आणि म्हणाला, हे जमिनीवरून आलेलं पाणी. पॉलिसीच्या अमुक पानावर अमुक कलम. पाइप फुटून तेवढंच पाणी आलं असतं तर पैसे मिळाले असते! पाणी तेच, चटई तीच, पण ते वरून आलं की खालून, आतून की बाहेरून, यावर सगळं अवलंबून.

त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. बहुतेक लोक ती सरकारी योजनेतून घेतात. १९६८ पासून चालू आहे, सगळे तिला एनएफआयपी म्हणतात. पॉलिसी तुमचा नेहमीचा इन्शुरन्स एजंटच देतो, मागे सरकार असतं. घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. ही दोन वेगळी संरक्षणं आहेत आणि दोघांचं डिडक्टिबलही (नुकसानीतला आपण सोसायचा भाग) वेगळं कापतात. तुम्हाला सांगितलेल्या साडेसातशेत सामान धरलंय का, ते विचारा. हप्ता कमी दिसावा म्हणून पुष्कळदा नुसत्या इमारतीचा आकडा सांगतात. हप्ता जड वाटला तर डिडक्टिबल वाढवा, ते दहा हजारांपर्यंत जातं. सामानाचं संरक्षण काढू नका.

आता ही पॉलिसी काय देत नाही ते. तुमच्यासारख्या खेड्यातल्या घराला हीच यादी जास्त महत्त्वाची, आणि एजंट ती आपणहून वाचून दाखवत नाहीत. तुमच्याकडे विहीर आणि सेप्टिक टँक असणारच. दोन्हींना संरक्षण नाही. डेक, कुंपण, बाग, ड्राइव्हवे नाही. घराकडे जाताना ओहोळावर खासगी छोटा पूल असेल, तर तो वाहून गेला की स्वतःच्या पैशानं बांधायचा. सुट्या गॅरेजला इमारतीच्याच रकमेतून दहा टक्क्यांपर्यंत मिळतं, मागच्या शेडला मात्र तेही नाही. गाड्यांचं पाहायचं तर ते गाडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात. घर राहण्यालायक होईपर्यंत हॉटेलात किंवा भाड्यानं राहण्याचा खर्च एनएफआयपी देत नाही, आणि दुरुस्तीला महिनोन्महिने लागतात. सामानाचे पैसे नव्या वस्तूच्या किमतीनं मिळत नाहीत, वापरून झिजलेल्या किमतीनं मिळतात. रोख रक्कम शून्य. आणि दागिने, चित्रं, फर वगैरे सगळं मिळून अडीच हजार डॉलर! म्हणजे सासूबाईंच्या पाटल्यांमधली एकसुद्धा त्यात बसायची नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा किंवा वेगळा विमा काढा.

आणखी एक फट आहे, तिच्यात पुष्कळ लोक पडतात. एनएफआयपीच्या लेखी 'पूर' म्हणजे एरवी कोरडी असणारी निदान दोन एकर जमीन किंवा निदान दोन मालमत्ता पाण्याखाली जाणं. नुसती जमीन ओली होऊन तुमच्या एकट्याच्या बेसमेंटमध्ये पाणी झिरपलं, तर होमओनर्सवाले म्हणणार हा पूर, आणि पूरविमावाले म्हणणार हा पूर नाही. सम्प पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप) बंद पडून किंवा ड्रेनेज उलटं येऊन झालेल्या नुकसानीसाठी होमओनर्स पॉलिसीला एक जोडपुरवणी मिळते. स्वस्त असते, तीही घ्या. पुरातच वीज जाते आणि वीज गेली की पंप थांबतो. म्हणून पंपाला बॅटरी लावा.

आणि आता ती खोली.

बेसमेंटच्या बाबतीत एनएफआयपी फार कंजूष आहे. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, सम्प पंप, पाया यांचे पैसे मिळतात. सामानात कपडे धुण्या-वाळवण्याची यंत्रं आणि फ्रीझर, त्यातल्या अन्नासकट. पण विकणाऱ्यानं ज्याच्या जोरावर घराची किंमत वाढवली ते सगळं फिनिशिंग, म्हणजे भिंतींचं पॅनेल, फरशीवरचं कार्पेट, छत, आणि तुम्ही तिथे ठेवणार ते पलंग, कपाट, टीव्ही, यांतलं काही नाही. तुम्ही विमा घेतलात तरी त्या खोलीचा विमा जवळपास नसल्यातच जमा. एक अपवाद तपासून घ्या. चारही बाजूंनी जमिनीखाली असेल तरच नियमाप्रमाणे ते 'बेसमेंट'. एका बाजूनं दार थेट अंगणात, जमिनीच्या पातळीला उघडत असेल तर ते बेसमेंट धरत नाहीत आणि संरक्षण पुष्कळ वाढतं. उतारावरच्या घरांत असं बऱ्याचदा असतं. एजंटला तोंडी विचारू नका. अर्जात काय लिहिलंय ते बघा.

पण पैशाचं सोडा. तुमचे सासरे सत्तरीच्या पुढचे असावेत. गुडघ्यांचं मला माहीत नाही, पण आपल्याकडच्या सासऱ्यांचे गुडघे मला माहीत आहेत. क्रीक रात्री चढली, वीज गेली, बेसमेंटच्या खिडकीतून पाणी यायला लागलं, तर दोघं अंधारात तेरा-चौदा पायऱ्या चढून वर येणार. आणि त्या रात्री तुम्ही दोघंही कॉलवर असलात तर? सप्टेंबर २०२१ मध्ये 'आयडा' वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात अकरा माणसं तळघरातल्या घरांत बुडून गेली. शहर होतं, मदतीला माणसं होती, तरीही. तुमच्याकडे वर तीन बेडरूम आहेत. एक त्यांना द्या. बेसमेंटमध्ये ट्रेडमिल ठेवा, बार करा, नवरोबांचे मित्र येऊन पत्ते खेळोत. झोपायला कुणी नको. माझं बाकी काहीच ऐकलं नाहीत तरी चालेल, हे मात्र ऐका. देवघरही वरच ठेवा.

हप्त्याच्या आकड्याबद्दल. पूर्वी हप्ता बराचसा झोनवरून ठरायचा. ऑक्टोबर २०२१ पासून नवी पद्धत आली: पाण्यापासून अंतर, जमिनीची उंची, पुन्हा बांधायचा खर्च वगैरे बघून एकेका घराचा हप्ता काढतात. म्हणून 'एक्स आहे, शे-दोनशेत होईल' हा जुना हिशेब आता चालत नाही. बहुतेक राहत्या घरांचा हप्ता वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, म्हणजे दर वर्षी थोडाथोडा वाढत जाऊ शकतो, हे घराचं बजेट करताना धरा. मात्र विकणाऱ्याला जरूर विचारा, तुमच्याकडे पूरविमा चालू आहे का? असेल तर ती पॉलिसी तुमच्या नावावर करून घेता येते, आणि त्याला सवलतीचा हप्ता असेल तर ती सवलतही तुमच्याकडे येते. हे क्लोजिंगआधीच करायचं. आणि उत्तर 'हो' असेल तर पुढचा प्रश्न तुम्हाला सुचेलच: बँक मागत नसताना तो कशासाठी भरत होता?

खासगी कंपन्यांचे पूरविमेही मिळतात. त्यांत अडीच लाखांहून जास्त रक्कम आणि बाहेर राहण्याचा खर्च मिळू शकतो. तुमचं घर पुन्हा बांधायला अडीच लाखांत भागणार नसेल तर जरूर चौकशी करा. पण एक मोठा दावा झाला की पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारायला त्या मोकळ्या असतात. सरकारी योजना तशी हात काढून घेत नाही. तिचा दोष वेगळाच आहे: काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, मुदत वाढवली नाही की नव्या पॉलिसी थांबतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शटडाऊनच्या (सरकारी कामकाज बंद पडण्याच्या) वेळी नेमकं तसं झालं, आणि लोकांची क्लोजिंग अडली.

वेळेचंही बघा. एरवी पूरविमा घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होतो. वादळ फ्लोरिडाला लागल्यावर फोन करून उपयोग नाही, हे त्यातलं इंगित. घराच्या कर्जाबरोबर घेतलात आणि क्लोजिंगआधी अर्ज व पैसे दिलेत, तर ही वाट पाहावी लागत नाही. तुमच्याकडे महिना आहे, म्हणजे अगदी योग्य वेळी पत्र लिहिलंत.

'मोठा पूर आला तर सरकार देईलच की', असं नवरोबा म्हणतील. आपल्याकडे पंचनामा होतो, सानुग्रह अनुदान मिळतं, तशी ही कल्पना असते. इथे आधी राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करावी लागते, आणि एका टाउनशिपपुरता पूर असेल तर ती बहुतेकदा होत नाही. झाली तरी फेमाची मदत घर पूर्ववत करायला नसते, सरासरी काही हजार डॉलर हातात पडतात. बाकी सरकारी कर्ज. ते मॉर्गेजच्या डोक्यावर आणखी एक हप्ता. फेमाच एक हिशेब नेहमी सांगते की घरात एक इंच पाण्यानं पंचवीस हजार डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकतं. साडेसातशेनं भागून बघा, तेहतीस वर्षांचे हप्ते होतात. तुमचं मॉर्गेज तीस वर्षांचं.

क्लोजिंगआधीच्या या दिवसांत कामाला लागा. विकणाऱ्यानं भरून दिलेला डिस्क्लोजरचा फॉर्म काढा. पेनसिल्व्हेनियात घराचे माहीत असलेले मोठे दोष सांगणं त्याला बंधनकारक आहे, आणि फॉर्ममध्ये पूर, निचरा, बेसमेंटमधलं पाणी यांचे प्रश्न असतात. तिथे 'माहीत नाही'वर खूण असेल तर वकिलाकडून लेखी विचारा. त्या पत्त्यावर पूर्वी पूरविम्याचे दावे झालेत का, हे फेमाकडून मालकालाच मागवता येतं, म्हणून ते त्याला मागवायला लावा. टाउनशिपच्या ऑफिसात जा. पूरक्षेत्राची परवानगी बघणारा माणूस तिथे असतो, बहुतेक वेळा आठवड्यातून दोनच दिवस. घराचं एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर किती उंचीवर आहे याचा मोजणीचा दाखला) असेल तर त्याच्या फायलीत सापडेल. रस्ता क्रमांक ४८७ क्रीकच्या कडेनं जातो, तो कुठे कुठे पाण्याखाली जातो हेही त्यालाच विचारा. घर कोरडं राहिलं आणि तुम्ही इस्पितळात अडकलात, तरी सासूसासरे एकटेच की. ब्लूम्सबर्गजवळ फिशिंग क्रीकवर यूएसजीएसचं, म्हणजे सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं, पातळीमापक आहे, त्याचे आकडे फोनवर दिसतात. नवरोबांना त्याची गोडी लागेल, कराडच्या माणसाला पुलावरचे फूट बघितल्याशिवाय करमत नाही.

आणि त्या शेजारच्या आजोबांकडे पुन्हा जा, या वेळी दोघं जा. चकल्या घेऊन गेलात तर उत्तम. त्यांना म्हणा, २०११ चं पाणी नेमकं कुठवर आलं होतं ती जागा दाखवा. मेपलपर्यंत की मेलबॉक्सपर्यंत की पायरीपर्यंत. तिथे एक खुंटी ठोका, बेसमेंटच्या खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत सुतळी ताणा, तिला लेव्हल लावा, आणि मधला फरक टेपनं मोजा. आकडा किती इंच निघाला ते मला कळवा.